वली: दख्खन आणि गुजरात यांच्यामध्ये हरवलेला कवी

सुरतेहून बारडोलीला निघालेला रस्ता कडोदऱ्याच्या चौफुलीवर मुंबई-अहमदाबाद महामार्ग ओलांडतो. पलसाणा तालुक्यातले हे गाव आज कापड रंगवणाऱ्या आणि छापणाऱ्या गिरण्यांसाठी ओळखले जाते. पोटापाण्यासाठी खानदेशातून आलेली कितीतरी कुटुंबे सुरतेत आणि या पट्ट्यात स्थिरावली आहेत. त्यामुळे इथे मराठी आणि अहिराणी कानावर पडली तर कुणी मान वळवून पाहत नाही. गिरण्या अलीकडच्या आहेत, पण वाट फार जुनी आहे. सतराव्या शतकात ताव्हर्निये हा फ्रेंच जवाहिऱ्या सुरतेहून गोवळकोंड्याला निघाला, तेव्हा बारडोली, व्यारा, नवापूर, पिंपळनेर असे मुक्काम करत तो दौलताबादला आणि तिथून औरंगाबादला पोचला. नवापूरचा तांदूळ बारीक दाण्याचा असतो, शिजला की बर्फासारखा पांढरा होतो आणि त्याला कस्तुरीचा वास येतो, हे त्याने आवर्जून लिहून ठेवले.

या वाटेच्या एका टोकाला दख्खनची मोगली राजधानी होती, दुसऱ्या टोकाला मोगलांचे सर्वांत श्रीमंत बंदर. दोन्ही टोकांना ज्याचे नाव जोडलेले आहे असा एक कवी त्याच शतकात जन्मला. औरंगाबादकर त्याला वली औरंगाबादी म्हणतात, अहमदाबादकर वली गुजराती, आणि बाकीचे जग वली दखनी. उर्दू कवितेचा इतिहास त्याचे नाव घेतल्याशिवाय पुढे सरकत नाही. तरी मराठी वाचकाला मीर माहीत असतो, गालिब तर पाठच असतो. आपल्याच मातीत वाढलेला वली मात्र त्याच्या कानावरून गेलेला नसतो.

खडकीचे औरंगाबाद

मलिक अंबरने १६१० मध्ये खडकी वसवली, तेव्हा ते निजामशाहीचे लष्करी ठाणे होते. १६५३ मध्ये शहाजादा औरंगजेब दख्खनचा सुभेदार म्हणून दुसऱ्यांदा आला आणि त्याने या गावाला आपले नाव दिले. वलीचा जन्म त्यानंतर सुमारे पंधरा वर्षांनी, १६६७-६८ च्या सुमारास झाला असे मानतात. त्याच्या मूळ नावाबद्दलही चरित्रकारांचे एकमत नाही. कुणी वली मुहम्मद म्हणतो, कुणी शम्सुद्दीन, कुणी वलीउल्लाह. ‘वली’ हे त्याचे कवितेतले नाव तेवढे वादापलीकडचे.

वलीच्या आधी दीड-दोनशे वर्षे विजापूर, गोवळकोंडा आणि गुजरातेत दखनी किंवा गुजरी म्हणून ओळखल्या जाणाऱ्या बोलीत कविता होत होती. गोवळकोंड्याचा सुलतान मुहम्मद कुली कुतुबशाह याने सोळाव्या शतकाच्या अखेरीस या भाषेत अख्खा दिवान, म्हणजे अंत्ययमकाच्या वर्णक्रमाने लावलेला गझलांचा संग्रह, रचला होता. या बोलीत आपला ‘नको’ होता, जोर देणारा ‘च’ही होता. उत्तरेत त्या काळी दरबारी कवी फारसीत लिहीत. घरात आणि बाजारात जी बोली बोलत, तिला ते कवितेच्या लायकीची समजत नसत.

वली चौदा-पंधरा वर्षांचा असताना त्याच्या गावात एक प्रचंड उलथापालथ झाली. शिवाजी महाराजांच्या निधनानंतर दोनच वर्षांनी, १६८२ मध्ये, औरंगजेब स्वतः फौजफाट्यासह औरंगाबादेत येऊन बसला. बादशहाबरोबर अमीर, मुन्शी, कारकून, सैनिक, सराफ, कारागीर सगळेच आले. दिल्ली-आग्र्याच्या बोलीचे हजारो लोक एका दखनी शहरात राहू लागले. पुढे छावणी हलली, १६८६ मध्ये विजापूर आणि १६८७ मध्ये गोवळकोंडा पडले, दोन्ही दरबार मोडले आणि तिथले गुणीजन आश्रय शोधत औरंगाबादेकडे वळले. मराठ्यांच्या इतिहासात हा काळ संभाजी महाराजांचे बलिदान, राजारामांची जिंजी आणि ताराबाईंचा लढा यांचा आहे. भाषेच्या इतिहासात याच धामधुमीत उत्तरेची बोली आणि दखनी एका शहराच्या गल्ल्यांत एकमेकींत मिसळल्या. वलीची भाषा या मिसळणीतून आली. ती विजापूरच्या जुन्या कवींइतकी दखनी नाही, आणि दिल्लीकरांना परकी वाटावी इतकी दूरचीही नाही. दख्खन जिंकायला आलेल्या बादशहाच्या छावणीने दिल्ली जिंकणारा कवी घडवला, हा या कथेतला सगळ्यात मोठा उलटा न्याय आहे.

त्या औरंगाबादेत मराठी कविताही नांदत होती. वलीच्या पाठोपाठ मध्वमुनीश्वर आणि त्यांचे शिष्य अमृतराय (१६९८-१७५३) यांनी या शहराला मराठी वाङ्मयाच्या नकाशावर आणले. अमृतरायांचे कटाव प्रसिद्ध आहेत. त्यांनी हिंदुस्थानीतही रचना केली. मराठी गझलेचे अभ्यासक मराठीतली पहिली गझल अमृतरायांच्याच नावावर मांडतात. म्हणजे उर्दू गझलेला दिल्लीत मान मिळवून देणारा कवी आणि मराठीत गझल आणणारा पहिला कवी हे दोघे एकाच शहराचे, एकामागोमाग एक पिढ्यांचे. आपल्या वाङ्मयेतिहासात ही दोन माणसे क्वचितच एका पानावर भेटतात.

सुरतेचे कवन

वली तरुणपणी विद्येसाठी गुजरातेत गेला, असे परंपरा सांगते. अहमदाबादेत सोळाव्या शतकातले थोर सूफी विद्वान शाह वजीहुद्दीन अलवी यांचा मदरसा आणि खानकाह होती. वलीचा संबंध त्या परंपरेशी जोडला जातो. काही चरित्रकार तर त्याला शाह वजीहुद्दीन यांच्या कुळातलाच मानतात. सूफी विचारावरचे एक फारसी गद्यपुस्तकही त्याच्या नावावर आहे. अहमदाबाद हे त्याचे मनाचे घर झाले. गुजरात सोडताना झालेल्या ताटातुटीवर त्याने एक संपूर्ण कविता लिहिली, आणि ती त्याच्या गाजलेल्या रचनांपैकी एक आहे.

सुरतेवर त्याने मसनवी लिहिली. मसनवी म्हणजे दोन-दोन ओळींची यमके जुळवत जाणारे दीर्घ कवन. मराठी माणसाच्या मनातली सतराव्या शतकातली सुरत म्हणजे जानेवारी १६६४ आणि ऑक्टोबर १६७० ची सुरत: शिवाजी महाराजांची स्वारी, जळणारे वाडे, पळालेला सुभेदार. वलीच्या जन्माच्या आगेमागेच या दोन्ही स्वाऱ्या झाल्या. तो तिथे पोचला तेव्हा शहर सावरले होते. इंग्रज, डच आणि फ्रेंच वखारी तापीकाठी उभ्या होत्या. मुल्ला अब्दुल गफूरसारख्या व्यापाऱ्याची गलबते अरबस्तानापर्यंत जात होती. हिंदुस्थानातले यात्रेकरू हजला इथूनच निघत, म्हणून सुरतेला मक्केचा दरवाजा म्हणत. धोकेही होतेच. १६९५ मध्ये यात्रेकरूंना घेऊन परत येणारे ‘गंज-ए-सवाई’ हे बादशाही जहाज इंग्रज चाचा हेन्री एव्हरी याने लुटले आणि त्याची किंमत सुरतेतल्या इंग्रज वखारवाल्यांना कैद होऊन मोजावी लागली.

इतिहासकार या शहराकडे जकात, जहाजे आणि लुटी यांच्या हिशेबाने पाहतात. वली माणसांच्या बाजूने पाहतो. त्याच्या मसनवीत शहर एखाद्या निवडक कवितासंग्रहासारखे देखणे आहे. शहराचे नाव आणि ‘चेहरा’ या अर्थाचा शब्द एकच असल्याचा तो मनसोक्त फायदा घेतो. मग येते माणसांची वर्दळ. इथल्या पंथांची मोजदाद करू गेले तर आकडे पुरणार नाहीत, सगळी आदमची लेकरे असली तरी प्रत्येकाचा रंग निराळा, असा त्याचा सूर आहे. अग्निपूजक पारशी आहेत, टोपीवाले फिरंगी आहेत, आणि इथल्या स्त्रियांचे रूप वर्णन करताना त्याला कृष्णाच्या गोपी आठवतात. औरंगजेबाच्या कारकिर्दीच्या उत्तरार्धात, जिझिया पुन्हा लागू झाल्यानंतरच्या दिवसांत, एक मुसलमान सूफी कवी एका बंदराची स्तुती तिथल्या धर्मांच्या गर्दीमुळे करतो. त्या काळाच्या राजकीय इतिहासात हा आवाज सापडत नाही. तो कवितेतच सापडतो.

सुरतेबद्दलच्या परदेशी प्रवाशांच्या नोंदी आपण अगत्याने वाचतो, त्यांची भाषांतरे करतो. याच मातीतल्या माणसाने, त्याच काळात, याच शहराबद्दल लिहिलेले कवन मात्र सुरतेच्या इतिहासलेखनात कडेलाच राहिले. प्रवासी किमती, मापे आणि मजला लिहितो. वली त्या शहरात वावरणाऱ्याला काय वाटत होते ते लिहितो. दोन्हीही साधनेच आहेत.

दिल्लीची एक सोयीची गोष्ट

औरंगजेबाच्या कारकिर्दीच्या चव्वेचाळिसाव्या वर्षी, म्हणजे १७०० मध्ये, वली आपला मित्र सय्यद अबुल मआली याच्याबरोबर दिल्लीला गेला. ही नोंद कायम चाँदपुरी या कवीने अठराव्या शतकाच्या मध्यात आपल्या तजकिऱ्यात केली आहे. तजकिरा म्हणजे कवींची चरित्रे आणि निवडक रचना यांचा ग्रंथ. आपल्याकडच्या महिपतीच्या ‘भक्तविजया’सारखाच, पण संतांऐवजी कवींचा. दिल्लीत वलीची भेट शाह सादुल्लाह गुलशन या फारसीत लिहिणाऱ्या सूफी कवीशी झाली. गुलशनने त्याची कविता ऐकली आणि सल्ला दिला, की फारसीत इतके विषय आणि कल्पना पडून आहेत, त्या आपल्या भाषेत वापर, तुला कोण जाब विचारणार आहे! वलीने तो सल्ला मानला आणि त्याची कविता बदलून गेली, अशी ही गोष्ट. मीर तकी मीर याने १७५२ मध्ये लिहिलेल्या तजकिऱ्यातही ती आहे. तिथून ती पाठ्यपुस्तकांत गेली आणि अडीचशे वर्षे तशीच सांगितली गेली.

शम्सुर्रहमान फारूकी या आपल्या काळातल्या थोर समीक्षकाने या गोष्टीची चांगलीच उलटतपासणी केली. फारसीतल्या कल्पना देशी भाषेत आणण्याचे काम दख्खन आणि गुजरातेतले कवी वलीच्या कितीतरी आधीपासून करत होते. त्यासाठी दिल्लीच्या गुरूची गरज नव्हती. १७०० मध्ये वली तिशी ओलांडलेला, घडलेला कवी होता. मग ही गोष्ट आली कुठून? फारूकींचे उत्तर असे, की दिल्लीकरांना आपल्या कवितेचे मूळ दख्खनमध्ये आहे हे पचवणे जड गेले. वलीचा मोठेपणा नाकारता येईना, तेव्हा त्याला दिल्लीतला गुरू बहाल करण्यात आला. म्हणजे वली मोठा राहिला आणि श्रेय दिल्लीला मिळाले.

राजधानीने प्रांताची कमाई आपल्या नावावर लिहून घेण्याचा हा प्रकार वाङ्मयाच्या इतिहासात नवा नाही. पुराव्यांचा क्रम लावला तर फारूकींचे म्हणणे पटते. गुलशनची गोष्ट सांगणारे दोन्ही तजकिरे वलीच्या दिल्लीभेटीनंतर पन्नास वर्षांनी लिहिलेले आहेत. मीर तर जन्मालाच वलीची भेट होऊन दोन दशके उलटल्यावर आला.

वलीच्या प्रत्यक्ष परिणामाचा साक्षीदार दुसराच आहे. त्याचे नाव शाह हातिम (१६९९-१७८३). मुसहफीने आपल्या तजकिऱ्यात हातिमच्या तोंडून ऐकलेली आठवण नोंदवली आहे. मुहम्मदशाह बादशहाच्या दुसऱ्या वर्षी, म्हणजे १७२०-२१ मध्ये, वलीचा दिवान दिल्लीत पोचला आणि त्याच्या ओळी लहानथोरांच्या जिभेवर खेळू लागल्या. ते पाहून हातिम, नाजी, मजमून आणि आबरू या तरुणांनी देशी भाषेत कविता करायला घेतली. त्यांची पहिली लाट श्लेषाची होती, तिला ‘ईहाम’ म्हणत. पुढच्या पिढीत सौदा, दर्द आणि मीर आले, त्यानंतर गालिब. हातिमने उतारवयात आपल्या ‘दिवानजादा’ या निवडक संग्रहाच्या प्रस्तावनेत कबूलच केले, की फारसीत आपला आदर्श साइब आणि रेख्त्यात वली. रेख्ता हे त्या काळातले या मिश्र भाषेतल्या कवितेचे नाव.

वली स्वतः हे पाहायला हयात होता का? परंपरेने त्याच्या मृत्यूचे साल हिजरी १११९, म्हणजे १७०७, मानले जाते. काही संशोधक ते पुढे, १७२० नंतर नेतात. पारंपरिक साल धरले तर वली आणि औरंगजेब एकाच वर्षी गेले. बादशहाचा देह अहमदनगरहून खुलताबादला नेला गेला, कवी अहमदाबादेत शाहीबागेजवळ पुरला गेला. दख्खन आणि दिल्ली एका सत्तेखाली आणण्यात एकाने पंचवीस वर्षे आणि अमाप खजिना घालवला आणि त्याचे काम त्याच्या डोळ्यांदेखत विसकटत गेले. दुसऱ्याच्या हस्तलिखित वहीने तेवढ्याच अंतराची वाट सहज कापली.

वलीच्या गझलेत काय आहे

वलीच्या नावावर पावणेपाचशेच्या आसपास गझला आहेत, शिवाय मसनव्या, कसीदे, रुबाया आणि मुखम्मस. त्याच्या आधीच्या दखनी कवितेत प्रेम करणारी बहुधा स्त्री असते आणि ती आपल्या प्रियकराला उद्देशून बोलते. भारतीय लोकगीतांची आणि भक्तिकवितेची हीच रीत. फारसी गझलेत बोलणारा पुरुष असतो. वलीने फारसी रीत धरली, पण त्याच्या प्रेयसाला ‘सजन’, ‘मोहन’, ‘पीतम’ अशीच हाक येते आणि डोळ्यांना ‘नैन’च म्हटले जाते. बुलबुल, गुलाब, शमा आणि परवाना यांच्या शेजारी कमळ, भुंगा, कोकिळा, होळी, दिवाळी बिनदिक्कत बसतात. अमृतलाल, गोविंदलाल, खेमदास अशी खऱ्या माणसांची नावे त्याच्या गझलांत यमकाच्या जागी येतात.

नंतरच्या दिल्ली-लखनौच्या कवींनी हे देशी शब्द गावंढळ ठरवून एकेक करून काढून टाकले. भाषेची सफाई म्हणून त्याचे कौतुकही झाले. हातिमनेच या सफाईत पुढाकार घेतला, हे विशेष. ज्याला गुरू मानले त्याचीच शब्दकळा शिष्यांनी गाळून टाकली. त्यामुळे आज वली वाचणाऱ्या उर्दू विद्यार्थ्याला तो जुना आणि अडखळवणारा वाटतो, मराठी वाचकाला मात्र तो चकित करतो, कारण उर्दूने टाकून दिलेले त्याचे कितीतरी शब्द आपल्या ओव्या-अभंगांत अजून जिवंत आहेत. वलीच्या शैलीत गालिबचा पीळ नाही. त्याचे प्रेम उघडे, प्रसन्न आणि डोळ्यांना सुख देणारे आहे. सौंदर्य पाहून हरखणे ही त्याची मूळ वृत्ती, आणि त्या हरखण्यातूनच तो सूफी अर्थाकडे सरकतो. लौकिक प्रेम ही अलौकिकाकडे जाणारी पहिली पायरी आहे, हा सूफींचा सिद्धान्त त्याच्याकडे उपदेश होऊन येत नाही.

औरंगाबादेत त्याचा वारसा सिराज औरंगाबादी (१७१५-१७६३) या कवीने चालवला. त्याची एक गझल आजही कव्वालीच्या मैफलींत गायली जाते. पुढे एकोणिसाव्या शतकात मियाँदाद खाँ ‘सय्याह’ हा औरंगाबादचाच कवी सुरतेला येऊन तिथले नवाब मीर गुलाम बाबा खान यांच्या आश्रयाला राहिला. तो गालिबचा शिष्य. गालिबने त्याला आणि नवाबांना लिहिलेली पत्रे गालिबच्या पत्रसंग्रहात आहेत. औरंगाबाद-सुरत ही वाट कवितेने नंतरही मोडली नव्हती.

पॅरिसमध्ये छापलेला दख्खनी

वलीचे पहिले छापील पुस्तक निघाले ते दिल्लीत, हैदराबादेत किंवा मुंबईत नव्हे, पॅरिसमध्ये. गार्सां द तासी हे हिंदुस्थानी भाषेचे फ्रेंच प्राध्यापक. ते आयुष्यात कधी हिंदुस्थानात आले नाहीत. त्यांनी हस्तलिखिते जमवून १८३४ मध्ये वलीची कविता छापली आणि मग काही रचनांची फ्रेंच भाषांतरे आणि टिपा दिल्या. त्यानंतर जवळजवळ अर्ध्या शतकाने, १८८० मध्ये, मुहम्मद हुसेन आझाद यांचा ‘आब-ए-हयात’ हा उर्दू कवितेचा गाजलेला इतिहास आला. आझादांनी वलीला उर्दू कवितेच्या वंशाचा आदम ठरवले आणि अहमदाबादचा रहिवासी म्हटले.

विसाव्या शतकात चित्र बदलले. मौलवी अब्दुल हक यांनी ‘अंजुमन तरक्की-ए-उर्दू’ ही संस्था औरंगाबादेत आणली आणि तिथून जुन्या दखनी हस्तलिखितांचा शोध जोरात सुरू झाला. अहसन मारहरवी यांनी संपादित केलेले ‘कुल्लियात-ए-वली’ अंजुमनने १९२७ मध्ये प्रसिद्ध केले. नूरुल हसन हाश्मी यांची आवृत्ती १९४५ मध्ये आली. या शोधातून कुली कुतुबशाह आणि इतर जुने कवी उजेडात आले, आणि वली हा पहिला उर्दू कवी ही समजूत मागे पडली. त्याचे खरे स्थान त्यामुळे अधिक स्पष्ट झाले: दख्खन-गुजरातेत दोनशे वर्षे जमलेली पुंजी उत्तरेला पोचवणारा तो कवी.

याच काळात त्याच्या जन्मगावाचा वाद पेटला. मीरने त्याला औरंगाबादचा म्हटले होते. एका प्रसिद्ध शेरात वली स्वतःच आपण दख्खन मुलखाचे कवी असूनही इराण-तुराणात गाजलो, असे सांगतो. दुसरीकडे सय्यद जहीरुद्दीन मदनी यांच्यासारख्या अभ्यासकांनी पुरावे मांडून तो गुजरातीच असल्याचे प्रतिपादन केले. माझ्या मते जन्माचा पुरावा औरंगाबादकडे आणि आयुष्याचा कल गुजरातकडे झुकतो. सतराव्या शतकात ‘दख्खन’ हा शब्द पुष्कळदा गुजरातलाही पोटात घेई, म्हणून त्या शेराने वाद मिटत नाही. आजच्या राज्यांच्या सीमा त्या काळाला लावून हा वाद सुटणारही नाही. औरंगाबादहून नवापूरमार्गे सुरतेला येणाऱ्या माणसाला आपण एका राज्यातून दुसऱ्यात गेलो असे वाटण्याचे कारणच नव्हते.

कबर आणि त्यानंतर

अहमदाबादेत शाहीबाग रस्त्यावर, पोलीस आयुक्तालयापासून हाकेच्या अंतरावर, वलीची म्हणून मानलेली छोटीशी कबर होती. २००२ च्या दंगलीत, मार्च महिना उजाडता उजाडता, जमावाने ती उद्ध्वस्त केली. काही दिवसांतच त्या जागेवरून डांबरी रस्ता गेला. त्याच दिवसांत बडोद्याला उस्ताद फैयाज खाँ यांच्या कबरीचेही नुकसान झाले. फैयाज खाँ मराठी रसिकांना घरचे वाटत असल्याने ती बातमी आपल्याकडे अनेकांना बोचली. वलीच्या बातमीवर देशभरातले लेखक-कवी बोलले, उर्दू, हिंदी आणि इंग्रजीत कविता-लेख आले. मराठीत त्याचा पडसाद क्षीण होता, कारण हा कवी आपला कोण हेच पुष्कळांना माहीत नव्हते.

अमृतरायांनंतर, आधुनिक काळात, मराठीने गझल दोनदा आपलीशी केली. पहिल्यांदा बडोद्याला जन्मलेल्या माधव जूलियनांनी (१८९४-१९३९), फारसीच्या दाराने. ‘गज्जलांजली’ हा त्यांचा संग्रह. दुसऱ्यांदा सुरेश भटांनी, उर्दूच्या दाराने. दोन्ही वेळा आपण इराण आणि लखनौकडे पाहिले. मधल्या घरातला, औरंगाबादचा वली वगळून पुढे गेलो. सेतुमाधवराव पगडी, देवीसिंह चौहान, श्रीधर रंगनाथ कुळकर्णी यांच्यासारख्या अभ्यासकांनी उर्दू आणि दखनीचा मराठीशी असलेला संबंध तळमळीने मांडला, पण ते काम विद्वानांच्या कपाटातून सामान्य वाचकापर्यंत फारसे उतरले नाही.

वलीची उपेक्षा विरोधकांनी केली तितकीच चाहत्यांनीही केली. दिल्लीने त्याचा दिवान घेतला आणि त्याला एक गुरू चिकटवला. शिष्यांनी मान दिला आणि शब्द गाळले. दोन प्रांत त्याच्या जन्मावर हक्क सांगत भांडले, पण अहमदाबादेतली कबर कुणाला राखता आली नाही, आणि आता छत्रपती संभाजीनगर झालेल्या त्याच्या शहरातल्या मराठी वाचकालाही तो अनोळखीच राहिला. गेलेली कबर परत येणार नाही. कविता मात्र शाबूत आहे. वलीच्या गझला आणि सुरतेची मसनवी देवनागरीत वाचायला मिळतात आणि मराठी माणसाला थोड्या टिपांच्या आधाराने समजतात. त्यांची एक चांगली, सटीप मराठी आवृत्ती काढणे हे एखाद्या विद्यापीठाला किंवा प्रकाशकाला अशक्य नाही. अमृतरायांच्या कटावाशेजारी वलीची गझल ठेवून पाहिल्याशिवाय औरंगाबादचा वाङ्मयीन इतिहास अर्धाच राहील, आणि मराठी गझलेचाही.